दुकानातला, ऑफिसातला रिकामा कॉम्प्युटर संशोधनाच्या कामाला कसा लावायचा, सगळं पहिल्यापासून

आपल्याकडे दुकानात, सीएच्या ऑफिसात, पतसंस्थेत सकाळी कॉम्प्युटर चालू होतो तो रात्री शटर ओढेपर्यंत चालूच असतो आणि मधल्या एवढ्या तासांत तो खरं काम किती करतो हे कोणी बघत नाही. मी फोंडा, डिचोली, साखळी या बाजूला कॉम्प्युटर दुरुस्तीला फिरतो, कुठेही गेलो की आधी टास्क मॅनेजर उघडतो, म्हणजे मशीन किती काम करतंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, आणि सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा आकडा असतो दोन टक्के, चार टक्के, एखादा रिटर्न भरताना किंवा फोटो प्रिंटला सोडताना जरा वर जातो की परत खाली. म्हणजे मशीन चालू, वीज जातेय, प्रोसेसर मात्र बसून. हा बसलेला वेळ टीबी, कॅन्सर, पाऊस, दुष्काळ यांच्यावर संशोधन करणाऱ्या लोकांना देता येतो, फुकट देता येतो, आणि नीट सेटिंग केलं तर तुमच्या कामात कसलीही अडचण येत नाही. मला वाटतं की गोव्यात हे जास्त लोकांनी करायला पाहिजे म्हणून इथे पहिल्यापासून लिहितोय.

पण आधीच एक सांगतो, कारण बाकी सगळं त्याच्यावरच आहे. उत्साहात येऊन पहिल्याच दिवशी मशीन शंभर टक्क्यांवर पळवू नका. पंखा घोंघावतो, मशीन तापतं, टायपिंग अडखळतं, घरातले कुरकुरतात आणि आठवड्याभरात माणूस ते काढून टाकतो. अर्धी ताकद द्या, पण वर्षभर द्या. संशोधकांना असाच कॉम्प्युटर उपयोगी पडतो.

हे चालतं कसं ते थोडक्यात. समजा शास्त्रज्ञांना एखाद्या रोगाच्या प्रोटीनला चिकटेल असा रेणू शोधायचाय. लाखो रेणू एकेक करून प्रयोगशाळेत तपासायला आयुष्य पुरणार नाही, म्हणून आधी कॉम्प्युटरवर हिशोब करून बघतात की कोण चिकटण्यासारखा आहे आणि मग त्यातले निवडक तेवढेच प्रयोगशाळेत घेतात. हा हिशोबच एवढा प्रचंड असतो की एका कॉम्प्युटरला शेकडो वर्षं लागतील. देवळात समाराधना असली की शेदीडशे नारळ वाड्यावरच्या बायका वाटून घेतात, प्रत्येक जण आपापल्या घरी खवते आणि शेवटी सगळं एकाच हंड्यात जातं, तसंच इथे हिशोबाचे छोटे छोटे तुकडे करून जगभरच्या कॉम्प्युटरना पाठवतात. तुमचं मशीन एक तुकडा घेतं, काही तास त्याच्यावर काम करतं, उत्तर परत पाठवतं, दुसरा घेतं. उत्तरावर भरवसा कसा ठेवायचा, तर बऱ्याच प्रोजेक्टमध्ये तोच तुकडा दोन वेगळ्या कॉम्प्युटरना देतात आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच धरतात.

ही कल्पना काही आजची नाही. १९९९ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने सेटीॲटहोम सुरू केलं, परग्रहावरून काही सिग्नल येतोय का ते रेडिओ दुर्बिणीच्या डेटात शोधायला, आणि जगभरातल्या लाखो लोकांनी त्याला घरचे कॉम्प्युटर दिले. ते काम त्यांनी ३१ मार्च २०२० ला थांबवलं, पण त्यातूनच डेव्हिड अँडरसन यांच्या टीमने बॉइंक नावाचं सॉफ्टवेअर केलं, ज्याच्यावर आज कुठलाही संशोधक आपला प्रोजेक्ट चालवू शकतो. आपण वापरणार ते हेच. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं.

याचा उपयोग काय झाला असं लोक विचारतात आणि विचारायलाच पाहिजे. आयबीएमने २००४ मध्ये वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड सुरू केलं, असे बरेच प्रोजेक्ट एका जागी चालवणारं, २०२१ पासून ते टोरांटोच्या क्रेम्बिल रिसर्च इन्स्टिट्यूटकडे आहे. त्यात जपानच्या चिबा कॅन्सर सेंटरने लहान मुलांना होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या कॅन्सरसाठी साधारण ३० लाख रेणू असेच लोकांच्या कॉम्प्युटरवर चाळले आणि २०१४ मध्ये त्यातले ७ आशादायक निघाल्याचं जाहीर केलं. आता हे औषध लगेच फार्मसीत मिळायला लागत नाही, रेणू सापडल्यापासून गोळी येईपर्यंत बरीच वर्षं जातात आणि मध्येच बरेच गळतात, पण ३० लाखांतून ७ वर येणं हे त्या डॉक्टरांना एकट्याने जमणारं नव्हतं. चीनच्या त्सिंगहुआ विद्यापीठाचा एक प्रोजेक्ट होता, कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांतून पाणी कसं सरकतं ते बघायचा, पाणी स्वस्तात गाळता यावं म्हणून, त्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये नेचर नॅनोटेक्नॉलॉजीत आला. कोविडच्या वेळी २०२० च्या मार्चमध्ये फोल्डिंगॲटहोम या असल्याच दुसऱ्या प्रोजेक्टला एवढे लोक जोडले गेले की सगळ्यांचे कॉम्प्युटर मिळून एका सेकंदात एकावर अठरा शून्यं एवढ्या आकडेमोडी करायला लागले, तोपर्यंत जगातल्या कुठल्याही सुपरकॉम्प्युटरने तो टप्पा गाठला नव्हता. त्यात सगळे तुमच्याआमच्यासारखेच होते, घरात अडकलेले, गेमिंगचा पीसी असलेली पोरं होती, बंद पडलेल्या ऑफिसांतली मशीनं होती.

आणि मला यात सगळ्यात जवळचं काय वाटतं सांगू, जे आजार आपल्याकडे आहेत पण ज्यात मोठ्या कंपन्यांना पैसा दिसत नाही, त्यांच्यावरही इथे काम झालंय. मलेरियावर झालं, डेंग्यूवर झालं, काळा आजारावर झालं. टीबीच्या जिवाणूभोवती मेणासारखं जाड कवच असतं आणि औषध आत शिरत नाही ते त्याच्यामुळे, त्या कवचाचा अभ्यास करणारा हेल्प स्टॉप टीबी हा प्रोजेक्ट इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठाने २०१६ मध्ये सुरू केला. जगातल्या टीबीच्या पेशंटपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. मग या कामात आपले कॉम्प्युटर नसावेत हे मला पटत नाही.

आता करायला घ्या.

पहिली पायरी सॉफ्टवेअरची नाही, परवानगीची. मशीन तुमचं असेल तर प्रश्न नाही. ऑफिसचं, शाळेचं, पंचायतीचं, पतसंस्थेचं असेल तर जो मालक किंवा प्रमुख आहे त्याला विचारा आणि शक्यतो लिहून घ्या, दोन ओळीचं पत्र पुरतं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात एका कॉलेजच्या कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याने विचारल्याशिवाय असलं सॉफ्टवेअर कॉलेजच्या मशीनांवर टाकलं तर त्याच्यावर फौजदारी केस झाली आणि २००२ मध्ये दंड भरून प्रकरण मिटवावं लागलं. हेतू चांगला असला तरी वीज आणि मशीन दुसऱ्याचं आहे. बँकेची मशीनं, सरकारी खात्याची मशीनं, जिथे लोकांची खाजगी माहिती असते, त्यांच्या वाटेला मी जातच नाही, तुम्हीही जाऊ नका.

दुसरी पायरी साफसफाईची, आणि गोव्यात ही टाळूच नका. आपल्या हवेत दमटपणा, किनाऱ्याला खारं वारं, रस्त्याकडेच्या दुकानात लाल धूळ, कॅबिनेट उघडलं की प्रोसेसरच्या पंख्यावर गोधडीच असते. आधी ब्लोअर मारून घ्या, जुनं मशीन असेल तर प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदलून घ्या, लॅपटॉप असेल तर खालची जाळी मोकळी आहे का बघा, आणि गादीवर, उशीवर ठेवून हे कधी चालवू नका. मग तापमान दाखवणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि काम चालू असताना आकडा बघा. सत्तर अंशांच्या आसपास असेल तर छान, ऐंशीच्या वर टिकून राहिला तर सेटिंग खाली आणा, ते कसं ते पुढे येतंच. दहाबारा वर्षं जुनं, आधीच कण्हत चालणारं मशीन असेल तर त्याला सोडा, त्याच्याकडून काम थोडं होतं आणि वीज जास्त जाते.

आता बॉइंक. ते बॉइंक डॉट बर्कली डॉट ईडीयू या त्यांच्याच साईटवरून उतरवा, दुसऱ्या कुठल्या डाऊनलोड साईटवरून नको, व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेली फाईल तर बिलकुल नको. व्हर्च्युअलबॉक्स या जादा सॉफ्टवेअरसकट घ्यायचा पर्याय दिसला तर पहिल्यांदा तो सोडा, साधं बॉइंक घ्या, व्हर्च्युअलबॉक्स थोड्याच प्रोजेक्टना लागतं. इन्स्टॉल नेहमीसारखं, नेक्स्ट नेक्स्ट करत जा.

इन्स्टॉल झालं की ते विचारेल कुठल्या प्रोजेक्टला जोडायचं. इथे नवीन माणूस गोंधळतो कारण यादी लांबलचक आहे, त्यात तारे आहेत, अविभाज्य संख्या आहेत, काय काय आहे. दोन सोपे रस्ते आहेत. एक, सायन्स युनायटेड, तेही अँडरसन यांनीच केलेलं, तिथे खातं उघडून फक्त विषय निवडायचे, आरोग्य, पर्यावरण असे, आणि कुठला प्रोजेक्ट कधी चालवायचा ते तिकडूनच ठरतं. ज्यांना एकदा लावून विसरून जायचंय त्यांच्यासाठी हा उत्तम. दुसरा, सरळ वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवर खातं उघडायचं आणि त्यातले आवडीचे प्रोजेक्ट टिक करायचे. मॅपिंग कॅन्सर मार्कर्स त्यांचा २०१३ पासूनचा, कॅन्सर लवकर ओळखता येईल अशा खुणा शोधणारा, आणि आफ्रिका रेनफॉल प्रोजेक्ट नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठाने आणलेला, तिथल्या पावसाचा अंदाज शेतकऱ्याला उपयोगी पडेल इतका बारीक करण्यासाठी. ज्या ज्या वेळी जे चालू असेल ते यादीत दिसेल. या ग्रिडची मला आवडलेली गोष्ट म्हणजे इथे संशोधन करणाऱ्याने निघालेला डेटा सगळ्यांसाठी खुला ठेवायचा अशी अट पहिल्यापासून आहे.

दुसरा रस्ता घेतलात तर एकाच प्रोजेक्टवर अवलंबून राहू नका. कधी त्यांचे सर्व्हर बंद असतात, कधी वाटायला तुकडेच नसतात, आणि मशीन रिकामं बसतं. सोबत रोझेटाॲटहोम जोडा, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेतून आलेला प्रोजेक्ट, प्रोटीनचे आकार ओळखणं आणि नवी प्रोटीनं घडवणं हा त्यांचा विषय, बेकर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. किंवा हवामानाची आवड असेल तर ऑक्सफर्डचा क्लायमेटप्रेडिक्शन, २००३ पासूनचा, पण त्याचे तुकडे लांब असतात आणि अपलोडही जड, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवणाऱ्याने तो घेऊ नये. बाकीच्या प्रोजेक्टना नेट फार लागत नाही, तुकडा घेताना थोडं आणि पाठवताना थोडं, मधले तास नेट नसलं तरी चालतं.

आता सेटिंग, आणि इथे सावकाश वाचा, कारण लोक टिकतात की पळतात ते इथेच ठरतं. बॉइंकमध्ये ऑप्शन्स, मग कॉम्प्युटिंग प्रेफरन्सेस. पहिल्या टॅबवर दोन तऱ्हेचे आकडे असतात, मशीन वापरात असतानाचे आणि वापरात नसतानाचे. तीन मिनिटं माऊस, कीबोर्ड हलला नाही की बॉइंक मशीन वापरात नाही असं धरतं, ती तीन मिनिटं बदलता येतात, मी दुकानात दहा ठेवतो म्हणजे गिऱ्हाईकाशी बोलून परत बसलं की अडखळत नाही. सस्पेंड व्हेन कॉम्प्युटर इज इन यूज याला टिक केलंत तर तुम्ही काम करत असताना बॉइंक पूर्ण थांबतं. जुन्या मशीनला, चार जीबी रॅमवाल्याला टिक कराच. नवीन मशीन असेल, आठ जीबीच्या वर रॅम असेल, तर टिक नसली तरी कळत नाही कारण बॉइंकचं काम सगळ्यात खालच्या प्रायॉरिटीवर चालतं, दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने सीपीयू मागितला की ते बाजूला होतं.

मग सीपीयू किती द्यायचे. यूज ॲट मोस्ट अमुक टक्के ऑफ द सीपीयूज, इथे पन्नास लिहा. त्याच्या शेजारी सीपीयू टाईमचा वेगळा आकडा असतो, तो शंभरच राहू द्या. बरेच जण उलटं करतात, सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग, देतात आणि टाईम अर्धा करतात, त्याने काय होतं तर प्रोसेसर क्षणाक्षणाला पळतो थांबतो पळतो थांबतो आणि पंख्याचा आवाज लाटेसारखा वरखाली होत राहतो, डोकं उठतं. त्यापेक्षा अर्धे कोअर शांतपणे चालू दे. एवढं करून लॅपटॉप तापत असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट शंभरऐवजी नव्याण्णव करा, एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण त्याने बऱ्याच लॅपटॉपवर टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो आणि तापमान चांगलं खाली येतं, काम थोडंसंच कमी होतं.

सस्पेंड व्हेन कॉम्प्युटर इज ऑन बॅटरी याला टिक असतेच, काढू नका. ग्राफिक कार्ड असेल तर तेही कामाला लावता येतं, पण ते वीज खातं आणि खोली तापवतं, पहिले काही महिने फक्त सीपीयूवर चालवा आणि मग ठरवा.

डिस्कच्या टॅबवर जास्तीत जास्त दहा जीबी असं काहीतरी घाला. डेली शेड्यूल्सच्या टॅबवर वेळ ठरवता येते, म्हणजे दुपारी दुकान बंद असतं तेवढ्यातच, किंवा ऑफिसची गर्दी संपल्यावर. एप्रिल मेमध्ये पंख्याखालीही घाम येतो तेव्हा मी सांगतो की सकाळचे तासच ठेवा किंवा सरळ पंचवीस टक्क्यांवर आणा, आणि पाऊस लागला, हवा गार झाली की परत पन्नास. एसी ऑफिसात हे लक्षात ठेवा की मशीनमधून निघालेली उष्णता एसीलाच बाहेर काढायची असते, म्हणजे वीज दोनदा जाते.

वीज आलीच आहे तर बिलाचं बोलूया, लपवण्यासारखं काही नाही. साधा डेस्कटॉप नुसता चालू असताना समजा पन्नास वॅट घेतो, अर्ध्या ताकदीवर बॉइंक चालवलं तर समजा नव्वद. म्हणजे जास्तीचे चाळीस वॅट. दिवसाला दहा तास धरले तर चारशे वॅटतास, म्हणजे शून्य पॉइंट चार युनिट, महिन्याला बारा युनिट. आता वीज खात्याचं तुमचं बिल काढा, तुम्ही कुठल्या स्लॅबमध्ये आहात तो दर बघा आणि बाराने गुणा, एवढं दान तुम्ही दर महिन्याला करताय. लॅपटॉपचं याच्या निम्म्याहून कमी येतं. ज्यांना ते जड वाटेल त्यांनी तास कमी करावेत, रोज तीन तास दिले तरी कामाला येतात. आणि एक, फक्त यासाठी म्हणून रात्रभर मशीन चालू ठेवायला मी कोणाला सांगत नाही. जे तास मशीन तसंही चालू आहे तेच द्या, त्यात जी वीज तशीही जात होती तिचं काहीतरी चीज होतं.

आपल्याकडचा दुसरा मोठा विषय म्हणजे लाईट जाणं. लोकांना भीती असते की मध्येच लाईट गेली तर सगळं काम फुकट गेलं. तसं नाही, बॉइंक आपलं काम थोड्या थोड्या वेळाने डिस्कवर लिहून ठेवतं, लाईट आली, मशीन चालू केलं की बहुतेक तुकडे शेवटच्या खुणेपासून पुढे जातात, फार तर थोडा वेळ वाया जातो. खरी भानगड इन्व्हर्टरची आहे आणि ही कुठल्या गाईडमध्ये सापडणार नाही. बॅटरीवर असताना थांब हे सेटिंग लॅपटॉपला कळतं, कारण बॅटरी त्याच्या स्वतःच्या पोटात आहे. दुकानातल्या डेस्कटॉपला तुम्ही इन्व्हर्टरवर आहात हे कळतच नाही, त्याला वाटतं वीज चालूच आहे, आणि तो पूर्वीसारखाच ओढत राहतो आणि तुमचा बॅकअप लवकर संपतो. म्हणून लाईट गेली की खाली घड्याळाजवळच्या बॉइंकच्या चिन्हावर राईट क्लिक करून स्नूझ करा, तासभर ते गप्प बसतं. दुकानात जो बसतो त्याला हे एवढं शिकवून ठेवा. यूएसबीने कॉम्प्युटरला जोडता येणारा यूपीएस असेल तर विंडोजला बॅटरी दिसते आणि मग आपोआप थांबतं, तो मिळाला तर सगळ्यात बरं.

आणि मे अखेरीस, ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडायला लागलं की संशोधन वगैरे राहू दे, मशीन बंद करा आणि प्लग काढा, नेटची वायरसुद्धा काढा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने गेलं तेव्हा कितीतरी गावांत लाईट नव्हती, आणि लाईट परत येताना जे झटके बसले त्याने पॉवर सप्लाय उडालेली मशीनं त्यानंतर माझ्याकडे येतच होती. दिलेला तुकडा परत करायला काही दिवसांची मुदत असते, एखादी रात्र बंद राहिल्याने काही बिघडत नाही. मुदत चुकलीच तर तो तुकडा दुसऱ्या कोणाला देतात, तुम्हाला कोणी बोलत नाही.

सगळं लावून झालं की व्ह्यूमध्ये ॲडव्हान्स्ड व्ह्यू करून टास्क्सचा टॅब बघा. रनिंग दिसलं म्हणजे काम चालू आहे. सस्पेंडेड, कॉम्प्युटर इज इन यूज दिसलं तर घाबरू नका, तुम्ही समोर बसलाय म्हणून ते थांबलंय. काहीच दिसत नसेल तर इव्हेंट लॉग उघडा, बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं की सध्या काम उपलब्ध नाही, थोड्या वेळाने ते परत स्वतःच विचारतं. दिवसभर मशीन चालू असून काम पुढे सरकत नसेल तर विंडोजची स्लीपची वेळ बघा. मशीन झोपलं की बॉइंकही झोपतं, तेव्हा स्क्रीन बंद व्हायची वेळ पाच मिनिटं ठेवा आणि स्लीप मात्र दुकानाच्या वेळेत नको. स्क्रीन बंद ठेवल्याने वाचलेली वीज ही बॉइंकला लागणाऱ्या विजेतून वजाच होते.

फोल्डिंगॲटहोमचं वर नाव घेतलं तर तेही सांगून टाकतो. ते बॉइंकमध्ये नाही, वेगळं सॉफ्टवेअर आहे, २००० मध्ये स्टॅनफर्डला विजय पांडे यांनी सुरू केलेलं. प्रोटीनची घडी कशी पडते आणि चुकीची पडली तर अल्झायमर, पार्किन्सनसारखे आजार कसे होतात यावर त्यांचं काम आहे. त्यांना उत्तर जितकं लवकर मिळेल तितकं बरं असतं, कारण पुढचा तुकडा आधीच्याच्या उत्तरावर उभा असतो. म्हणून ज्याच्याकडे चांगलं ग्राफिक कार्ड आहे आणि मशीन सलग चालतं, म्हणजे गेम खेळणारी पोरं, व्हिडिओ एडिटिंगवाले, लग्नाचे अल्बम करणारे स्टुडिओवाले, त्यांनी ते घ्यावं. रोज तुकड्यातुकड्याने चालणाऱ्या दुकानातल्या मशीनला बॉइंकच बरं.

अँड्रॉइड मोबाईलवरही बॉइंक चालतं, चार्जिंगला लावलेला असताना, बॅटरी जवळजवळ भरलेली असताना आणि वायफायवर असतानाच काम करेल असं त्याचं मूळ सेटिंग आहे. आयफोनवर नाही. रोजचा मोबाईल यात घालावा असं मला वाटत नाही, उष्णतेने बॅटरी लवकर उतरते. कपाटात पडलेला जुना पण बरा फोन असेल तर मात्र हरकत नाही, पण तो उशीखाली नको, उघड्यावर फरशीवर ठेवा आणि बॅटरी फुगलेली दिसली तर लगेच बंद करा.

आता दुसऱ्यांना कसं सांगायचं. माझा अनुभव असा की संशोधन, मानवता असं मोठं बोललं की माणूस मान हलवतो आणि विसरतो. त्याच्याच मशीनवर टास्क मॅनेजर उघडून दाखवा की हे बघा काका, सकाळपासून सत्त्याण्णव टक्के रिकामं आहे. मग सांगा की यातलं अर्धं कॅन्सरच्या संशोधनाला जाऊ शकतं, बिल महिन्याला एवढं वाढेल, कधी नको वाटलं तर दोन क्लिकमध्ये निघेल. बिलाचं तुम्ही आधी सांगितलंत की माणसाचा विश्वास बसतो, नंतर त्याला स्वतःला कळलं तर बसत नाही. व्हायरस आहे का असं विचारतात, त्यांना सांगा की हे विद्यापीठाचं सॉफ्टवेअर आहे, वीस वर्षांहून जास्त जगभर चालतंय, तुमच्या फायली वाचायचं त्याचं कामच नाही. पैसे मिळतात का असं विचारतात, तर नाही, क्रेडिटचे आकडे मिळतात, बॅज मिळतो, बस. आणि कोणी तुमच्या मशीनवर बिटकॉइनसारखे कॉइन काढून पैसे देतो म्हणून याच नावाने काहीतरी टाकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

शाळांना मी फार सांगतो. हायस्कूलची लॅब म्हणजे वीसएक मशीनं, आठवड्यातून ठराविक पिरियडांनाच भरणारी. मुख्याध्यापकांना आणि व्यवस्थापन समितीला भेटून, लॅब चालू असते तेवढ्याच वेळात आणि कमी सेटिंगवर चालवायची परवानगी मागा. मग एका टीमच्या नावाने सगळी मशीनं जोडा, टीमचा आकडा वाढताना पोरं रोज बघायला येतात, आणि प्रोटीन म्हणजे काय, टीबीचा जिवाणू एवढा चिवट का, असे प्रश्न आपसूक विचारायला लागतात. सायन्सच्या बाईंना, सरांना यात घ्या, कॉम्प्युटरच्या सरांवर एकट्यावर टाकू नका. गावच्या वाचनालयात एखादं मशीन असतं, तिथेही हेच. टीम वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडच्या साईटवर फुकट करता येते, वाड्याच्या नावाने करा, क्लबच्या नावाने करा, आपल्या माणसांचे आकडे एका जागी दिसले की कोणाचं मशीन बंद पडलंय तेही कळतं.

चवथीला दुकान पाच सात दिवस बंद असतं, तेव्हा मागे मशीन चालू ठेवून गावी जाऊ नका. बंद दुकानात कॉम्प्युटर चालू ठेवणं हे कुठल्याच कारणासाठी बरं नाही. जायच्या एकदोन दिवस आधी प्रोजेक्ट्सच्या टॅबवर नो न्यू टास्क्स दाबा, म्हणजे हातातले तुकडे पूर्ण होऊन पाठवले जातील आणि नवीन येणार नाहीत, परत आलात की अलाऊ न्यू टास्क्स. मशीन फॉरमॅटला द्यायच्या आधी, विकायच्या आधीही हेच करा, नाहीतर अर्धवट तुकडे मुदत संपेपर्यंत अडकून राहतात आणि तिकडे कोणीतरी त्या उत्तराची वाट बघत बसतो. नवीन मशीनवर त्याच ईमेलने आत गेलात की जुनं क्रेडिट तसंच असतं. फक्त वर सांगितलेली सेटिंग नवीन मशीनवर परत घालावी लागतात, त्यातला सीपीयूचा पन्नासचा आकडा पहिला घाला.